रॉ फोटोंसाठी सॉफ्टवेअर निवडताना: पैसे भरण्याआधीचा क्रम

रॉ फाइलींवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरने नोंदवलेल्या, प्रक्रिया न केलेल्या फोटो-फाइलींवर काम करण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, असे पुण्यातल्या छायाचित्रकारांच्या कोणत्याही गटात विचारले की लगेच तीन-चार नावे मिळतात. ती नावे बहुधा चुकीची नसतात. चुकतो तो क्रम. आधी वर्षभराचे पैसे भरले जातात, मग जुने सगळे फोटो त्यात ओतले जातात, मग संगणकाचा दम कमी पडतो, आणि सॉफ्टवेअर बदलायची वेळ आली की दोन-तीन वर्षांचे काम त्यातून बाहेर काढता येत नाही हे सर्वांत शेवटी ध्यानात येते. खाली दिलेला क्रम याच्या उलट आहे. त्यासाठी दोन-तीन शनिवार-रविवार मोकळे ठेवावेत आणि एकही टप्पा गाळू नये, कारण पुढच्या टप्प्याचा निष्कर्ष मागच्यावर अवलंबून आहे.

## टप्पा १: आपले काम कागदावर लिहून काढा

तीन गोष्टी लिहा: एका वेळी साधारण किती फोटो हाताळावे लागतात, फोटोंचा शेवट कुठे होतो आणि ते किती दिवसांत द्यावे लागतात. लग्नाचे काम करणाऱ्याला एका समारंभाचे दीड हजार फोटो छाननीला बसतात. त्याच्या दृष्टीने एक फोटो पडद्यावर स्पष्ट दिसायला किती वेळ लागतो हे रंगांच्या बारकाव्यांइतकेच महत्त्वाचे असते. प्रत्येक फोटोमागे चार सेकंद वाट पाहावी लागली, तर छाननीतच शंभर मिनिटे केवळ थांबण्यात जातात. याउलट, कवडी पाटावर किंवा भिगवणला पहाटे जाऊन पक्षी टिपणाऱ्याला शेवटी पंधरा-वीस फोटोच ठेवायचे असतात, पण त्यांतले प्रत्येक पीस सुटे दिसायला हवे. अशा व्यक्तीने वेगासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

शेवट कुठे होतो हेही स्पष्ट लिहा. अल्बम छापणाऱ्या लॅबकडे जाणारी जेपेग फाइल, मोबाइलवर पाहिला जाणारा फोटो आणि बालगंधर्व कलादालनात लावायची मोठी प्रिंट यांच्या गरजा वेगवेगळ्या आहेत.

## टप्पा २: कॅमेरा आणि संगणक यांची तपासणी

सॉफ्टवेअर कंपनीच्या संकेतस्थळावर ज्या कॅमेऱ्यांना आधार आहे त्यांची यादी असते. त्या यादीत आपल्या कॅमेऱ्याचे नेमके मॉडेल शोधा. 'कॅनन चालते' किंवा 'सोनी चालते' एवढ्यावर विसंबू नका. कॅननने २०१८ साली सीआर३ हा नवा प्रकार आणला, तेव्हा सीआर२ उघडणारी कित्येक सॉफ्टवेअर तो वाचू शकत नव्हती. एकाच कॅमेऱ्यातही रॉचे दोन-तीन प्रकार असतात. निकॉनच्या झेड ८ आणि झेड ९ मध्ये 'हाय एफिशियन्सी' हा पर्याय निवडला की फाइल लहान होते, पण कॅमेऱ्याचे नाव यादीत असूनही ती फाइल निकॉनबाहेरच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये न उघडण्याची शक्यता असते. म्हणून यादी वाचून झाल्यावर आपण खरोखर वापरतो त्याच सेटिंगमधली एक फाइल उघडून पाहा.

कॅमेरा नवा आणि सॉफ्टवेअर जुने अशी जोडी असेल, तर अडोबीचा मोफत डीएनजी कन्व्हर्टर कामी येतो. तो रॉ फाइलचे डीएनजी या अनेक सॉफ्टवेअरना वाचता येणाऱ्या प्रकारात रूपांतर करतो. मात्र मूळ रॉ फाइली पुसू नका. कॅमेरा कंपनीचे स्वतःचे सॉफ्टवेअर डीएनजी केलेली फाइल सहसा स्वीकारत नाही.

आता संगणक. आठ जीबी रॅमवर काम रखडत चालते. सोळा जीबी ही सोयीची किमान मर्यादा समजावी. सॉफ्टवेअर आणि त्याचा कॅटलॉग (फोटोंची आणि त्यांवरच्या बदलांची नोंदवही) एसएसडीवर ठेवावा, मूळ फोटो साध्या हार्ड डिस्कवर असले तरी चालतात. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे नॉइज (फोटोतले नको असलेले दाणे) काढण्याचे काम बहुतांशी ग्राफिक्स कार्डावर होते. स्वतंत्र कार्ड नसलेल्या जुन्या लॅपटॉपवर एका फोटोला काही मिनिटे लागू शकतात, आणि जाहिरातीतल्या ज्या सोयीसाठी आपण पैसे भरले, तीच वापरावीशी वाटत नाही. लिनक्स वापरणाऱ्यांनी हेही नोंदवून ठेवावे की लाइटरूम, कॅप्चर वन आणि डीएक्सओ फोटोलॅब यांच्या लिनक्स आवृत्त्या नाहीत. डार्कटेबल आणि रॉथेरपी यांच्या आहेत.

पडताळणी: पुढे जाण्याआधी आपल्या कॅमेऱ्यातली, आपल्या नेहमीच्या सेटिंगमधली एक रॉ फाइल विचाराधीन प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये उघडून झालेली असावी. जे उघडत नाही ते येथेच यादीतून वगळावे.

## टप्पा ३: कॅमेरा कंपनीचे मोफत सॉफ्टवेअर आधी बसवा

हा टप्पा जवळजवळ प्रत्येक जण गाळतो. कॅननचे डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचे एनएक्स स्टुडिओ, सोनीचे इमेजिंग एज डेस्कटॉप ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात. फुजीफिल्मचे एक्स रॉ स्टुडिओ तर कॅमेरा केबलने संगणकाला जोडून कॅमेऱ्यातल्याच प्रोसेसरकडून रूपांतर करून घेते. रोजच्या कामाला ही सॉफ्टवेअर संथ वाटतील, पण येथे ती पाया म्हणून लागतात.

त्याचे कारण असे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर जो फोटो दिसतो तो रॉ नसतो. रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने ठेवलेला तयार जेपेग असतो, आणि हिस्टोग्रामही (उजेड-अंधाराचा आलेख) त्याच जेपेगचा असतो. त्यातले रंग आणि उठाव (कॉन्ट्रास्ट) कॅमेऱ्यात निवडलेल्या पिक्चर स्टाइलनुसार ठरतात. इतर कंपन्यांची सॉफ्टवेअर ही सेटिंग पूर्णपणे पाळत नाहीत, ती स्वतःची मांडणी लावतात. त्यामुळे फोटो आयात करताना क्षणभर चमकदार दिसतो आणि लगेच फिका पडतो. 'या सॉफ्टवेअरने माझे रंग घालवले' ही तक्रार येथून येते आणि ती गैरसमजातून आलेली असते.

याच्याशीच जोडलेली आणखी एक बाब आहे. निकॉनचे अॅक्टिव्ह डी-लायटिंग किंवा कॅननचे हायलाइट टोन प्रायॉरिटी चालू असेल, तर उजळ भाग वाचवण्यासाठी कॅमेरा एक्स्पोजर मुद्दाम कमी ठेवू शकतो आणि काळोखे भाग नंतर जेपेगमध्ये उजळतो. तीच फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अंधारी दिसते. तुलना करण्याच्या काळात ही सेटिंग बंद ठेवावीत.

सावधान: कॅमेऱ्याच्या जेपेगशी पहिल्या क्षणी जे जुळते तेच चांगले, असा निकष लावू नका. तो जेपेग नेमका तसाच हवा असेल, तर कंपनीचे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे आणि पुढचा खर्च टळतो.

## टप्पा ४: आपल्याच फोटोंचा चाचणी-संच तयार करा

परीक्षणांमधले नमुना फोटो दुसऱ्याच्या कॅमेऱ्यातले, दुसऱ्या देशातल्या प्रकाशातले असतात. आपल्याला लागतात ते आपले अवघड फोटो. दहा-बारा रॉ फाइली निवडा आणि वेगळ्या फोल्डरमध्ये त्यांची प्रत ठेवा. चांगले आलेले फोटो घेऊ नका, त्यांच्यावर सगळीच सॉफ्टवेअर उत्तीर्ण होतात. पुण्यात राहणाऱ्याला पुढील प्रकार सहज मिळतील.

विसर्जन मिरवणुकीतला गुलाल ही सर्वांत कठोर परीक्षा आहे. लक्ष्मी रस्त्यावरच्या एखाद्या ढोलवादकाच्या पांढऱ्या सदऱ्याची बाही घ्या, जिच्यावर गुलालाचा जाड थर बसला आहे. शंभर टक्के मोठे करून पाहिल्यावर काही सॉफ्टवेअरमध्ये त्या बाहीच्या चुण्या दिसतात, तर काहींत तेथे एकसलग गुलाबी ठिपका उरतो. आता एक्स्पोजर एक स्टॉपने खाली आणा आणि रंगाची तीव्रता थोडी कमी करा. चुण्या परत आल्या, तर माहिती फाइलमध्ये शाबूत होती आणि सॉफ्टवेअरच्या रंग-रूपांतरात दबली गेली होती. तरीही ठिपका सपाटच राहिला, तर सेन्सरचा लाल चॅनेल (लाल रंगाची नोंद) मुळातच भरून गेला होता आणि त्यात सॉफ्टवेअरचा दोष नाही. हा फरक स्वतःच्या डोळ्यांनी एकदा पाहिला की परीक्षणांतली निम्मी वाक्ये कशाविषयी आहेत ते उमगते.

रंगमंचावरचे निळे-जांभळे एलईडी दिवे हीच परीक्षा निळ्या चॅनेलसाठी घेतात. गायकाच्या चेहऱ्यावर निळा झोत पडला असेल, तर नाक-गालांची गोलाई टिकते की चेहरा कापून चिकटवल्यासारखा सपाट होतो, ते पाहा.

पाताळेश्वर लेण्यातून बाहेरच्या उन्हाकडे पाहत घेतलेला फोटो सावल्यांसाठी उत्तम. काळ्या पाषाणाचे खांब उजळवताना त्यांवर जांभळट किंवा हिरवट झाक येते का, आणि बाहेरच्या उजेडाच्या कडेला राखाडी वलय तयार होते का, हे तपासा.

भिगवणच्या रोहित पक्ष्यांचा, धुक्यातला, आयएसओ वाढवून घेतलेला एक फोटो हवाच. फिक्या गुलाबी पिसांतला बारकावा नॉइज काढताना सर्वांत आधी पुसला जातो. लग्नाचा एक फोटो असा घ्या, ज्यात एका बाजूने मंडपातले पिवळे दिवे आणि दुसऱ्या बाजूने दारातला दिवसाचा उजेड आहे, आणि मध्ये पैठणीचा काठ आहे. त्यावर मास्क लावून, म्हणजे फोटोचा एकेक भाग वेगळा निवडून, दोन वेगळे व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगछटेची दुरुस्ती) देता येतात का, याची चाचणी होईल. वाइड लेन्सने टिपलेली एखादी सरळ रेषांची इमारत आणि पावसाळ्यातल्या सिंहगडाचा धुकट, कमी उठावाचा देखावा घेतला की संच पुरा झाला.

## टप्पा ५: दोन किंवा तीनच उमेदवार ठरवा

पाच-सहा सॉफ्टवेअर एकदम बसवली की कोणतेच नीट शिकले जात नाही. पहिल्या टप्प्यातला कागद समोर ठेवून निवड करा.

लाइटरूम क्लासिक फक्त वर्गणीवर मिळते. मोठा संग्रह सांभाळणे, कीवर्ड, मास्क आणि शिकवणाऱ्या साहित्याची मुबलकता ही त्याची बलस्थाने आहेत. एकदाच पैसे भरून घेता येणारी शेवटची आवृत्ती लाइटरूम ६ होती, आणि २०१७ च्या अखेरीनंतर तिला नव्या कॅमेऱ्यांचा आधार मिळालेला नाही. 'स्वस्तात जुने लाइटरूम' देऊ करणाऱ्यांपासून दूर राहावे. कॅप्चर वन स्टुडिओत कॅमेरा थेट संगणकाला जोडून काम करणाऱ्यांसाठी आणि त्वचेच्या रंगांवर बारीक नियंत्रण हवे असणाऱ्यांसाठी आहे. ते वर्गणीवर किंवा एकरकमी परवान्यावर मिळते. डीएक्सओ फोटोलॅबचे नॉइज काढणे आणि लेन्सचे दोष सुधारणे फार सरस आहे, म्हणून पक्षी टिपणाऱ्यांनी ते जरूर तपासावे. मात्र कंपनीने ज्या कॅमेऱ्यांचे मोजमाप केले आहे तेवढ्यांच्याच रॉ फाइली ते उघडते.

डार्कटेबल आणि रॉथेरपी पूर्णपणे मोफत आणि मुक्तस्रोत आहेत. त्यांना 'गरिबांचा पर्याय' समजणे मला अन्यायाचे वाटते. डार्कटेबलमधले मास्क आणि रंगांवरचे नियंत्रण व्यावसायिक कामाला पुरून उरते. त्याची किंमत पैशांऐवजी शिकण्याच्या वेळात मोजावी लागते, आणि ज्याला आठवड्याला दोन तासही देता येणार नाहीत त्याने ते घेऊ नये. रॉथेरपी बारकावे काढण्यात वाकबगार आहे, पण त्यात कीवर्डसह संग्रह सांभाळण्याची सोय तोकडी आहे.

सावधान: ट्रायल सुरू करताना कार्डाचा तपशील मागितला जात असेल, तर मुदत संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. लाइटरूमची ट्रायल सात दिवसांची असते. 'वार्षिक करार, मासिक हप्ता' असा पर्याय निवडल्यास मध्येच बंद करताना शुल्क लागते, हे पुष्कळांना बंद करतानाच कळते. संच तयार होण्याआधी ट्रायल सुरू करू नका. ते सात दिवस फोटो शोधण्यातच निघून जातात.

## टप्पा ६: चाचणी घेण्याची रीत

एका दिवशी एकच सॉफ्टवेअर घ्या. प्रीसेट (तयार सेटिंगचे संच) लावू नका. प्रत्येक फोटोवर पुढचा क्रम पाळा: आधी लेन्स करेक्शन, मग व्हाइट बॅलन्स, मग एक्स्पोजर, त्यानंतर उजळ भाग आणि सावल्या, मग नॉइज, मग रंग, आणि शेवटी शार्पनिंग. व्हाइट बॅलन्सच्या आधी रंग बदलले, तर नंतर दोन्ही पुन्हा करावे लागतात. नॉइज काढण्याआधी शार्पनिंग वाढवून बारकावे जोखले, तर नॉइजच बारकाव्यासारखा दिसतो.

येथे तीन चुका वारंवार होतात. पहिली, आयात होताच दिसणाऱ्या पहिल्या दर्शनाची तुलना करणे. डार्कटेबलमध्ये फोटो सुरुवातीला मुद्दाम साधा ठेवलेला असतो आणि लाइटरूममध्ये थोडा सजवलेला असतो. पहिले दर्शन हे फक्त प्रस्थानबिंदू आहे. दुसरी, एका सॉफ्टवेअरमधले आकडे दुसऱ्यात भरणे. 'शॅडो +४०' याचा अर्थ प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो, त्यामुळे आकडे बाजूला ठेवून परिणाम डोळ्यांनी जुळवा. तिसरी चूक सर्वांत नुकसानकारक आहे: एका सॉफ्टवेअरला पूर्ण दिवस देऊन दुसऱ्याला वीस मिनिटांत नापास करणे. आधीपासून एखादे सॉफ्टवेअर वापरत असाल, तर नव्याला निदान दुप्पट वेळ द्या, कारण हाताला लागलेली सवय गुणवत्तेचा भास निर्माण करते.

प्रत्येक फोटो एकाच मापाने बाहेर काढा: पूर्ण आकार, एसआरजीबी हा रंग-अवकाश (रंगांचा ठरावीक पल्ला), जेपेगची गुणवत्ता नव्वदच्या आसपास. मग सगळे निकाल एकाच साध्या व्ह्यूअरमध्ये शेजारी-शेजारी पाहा. घरातल्या कोणाला तरी फाइलींची नावे क, ख, ग अशी बदलून द्यायला सांगितले, तर आवडत्या नावाचा प्रभाव उरत नाही.

शेवटी वेगाची चाचणी घ्या. एखाद्या जुन्या समारंभाचे दोनशे फोटो आयात करा, तारे देऊन छाननी करा, एकावरचे बदल वीस फोटोंवर चिकटवा आणि बाहेर काढा. घड्याळ लावून वेळ लिहा.

पडताळणी: प्रत्येक सॉफ्टवेअरसमोर दोन नोंदी असाव्यात, कोणत्या फोटोत ते कमी पडले आणि दोनशे फोटोंना किती वेळ लागला. 'छान वाटले' ही नोंद धरू नये.

## टप्पा ७: बाहेर पडण्याची तालीम

पैसे भरण्याआधी हे करायलाच हवे. रॉ फाइलमध्ये आपण केलेले बदल प्रत्यक्ष उतरत नाहीत. सॉफ्टवेअर फक्त सूचनांची नोंद ठेवते. ती नोंद कोठे असते, हे कळल्याशिवाय एकही महत्त्वाचे काम त्यात करू नका. लाइटरूम क्लासिक ती कॅटलॉग या एका फाइलमध्ये ठेवते. एक्सएमपी नावाच्या जोडफाइलींमध्ये आपोआप लिहिण्याचे सेटिंग मुळात बंद असते, ते चालू करावे. डार्कटेबल प्रत्येक फोटोशेजारी एक्सएमपी फाइल आपणहून बनवते, रॉथेरपी पीपी३ फाइल बनवते, तर फोटोलॅब डीओपी फाइल.

तालीम अशी करा. बदल केलेल्या पाच फोटोंचे फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या आणि दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. तारे आणि कीवर्ड एक्सएमपीमध्ये असतील तर ते बहुधा येतील. रंग, मास्क आणि उजेडाचे बदल मात्र येणार नाहीत, कारण एका सॉफ्टवेअरच्या सूचना दुसऱ्याला समजत नाहीत. म्हणून जे फोटो कायमचे जपायचे आहेत त्यांची सोळा बिटची टिफ प्रत वेगळी काढून ठेवावी. चोवीस मेगापिक्सेलची अशी प्रत साधारण १४४ एमबीची होते, तेव्हा ती निवडक फोटोंचीच काढा.

वर्गणी बंद झाल्यावर काय उरते, हेही आधीच वाचा. लाइटरूम क्लासिकमध्ये फोटो पाहता आणि बाहेर काढता येतात, पण डेव्हलप हा फोटोत बदल करण्याचा विभाग बंद होतो.

सावधान: लाइटरूमचा कॅटलॉग बॅकअप म्हणजे फोटोंचा बॅकअप नाही. त्यात फक्त नोंदी असतात, फोटो नसतात. हार्ड डिस्क गेली तर त्या बॅकअपमधून एकही फोटो परत मिळणार नाही. फोटोंची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, आणि शक्य असल्यास वेगळ्या घरात ठेवा.

## टप्पा ८: खर्चाचा हिशेब

महिन्याचा आकडा पाहू नका, पाच वर्षांचा करा. वर्गणी असेल तर साठ हप्ते. एकरकमी परवाना असेल, तर त्या काळात नवा कॅमेरा घेतल्यास लागणाऱ्या एक-दोन श्रेणीवाढी (अपग्रेड) धरा. दाखवलेल्या किमतीत अठरा टक्के जीएसटी धरलेला आहे का, ते बघा. परकीय चलनात पैसे द्यायचे असतील, तर बँकेचे रूपांतर शुल्क त्यात मिळवा. रॅम किंवा एसएसडी वाढवावी लागणार असेल, तर तोही याच हिशेबातला खर्च आहे.

फुकटात मिळणाऱ्या 'क्रॅक' प्रतीचा विचार सोडून द्यावा. ज्या संगणकावर ग्राहकांच्या घरातले फोटो आहेत, त्यावर अनोळखी माणसाने फेरफार केलेले सॉफ्टवेअर चालवणे हा त्या ग्राहकांच्या विश्वासाचा भंग आहे. पैसे नसतील तर डार्कटेबल आहेच.

## टप्पा ९: पहिला महिना

निवड झाली की जुना संग्रह आहे तेथेच राहू द्या. एक नवे काम घ्या आणि कार्डातून उतरवण्यापासून लॅबकडे पाठवण्यापर्यंत पूर्ण नव्या सॉफ्टवेअरमध्ये करा. फोल्डरची रचना आधी ठरवा, उदाहरणार्थ वर्ष, महिना आणि प्रसंग. आयात झाल्यानंतर फोल्डरचे नाव किंवा जागा बदलायची असेल तर ती सॉफ्टवेअरच्या आतूनच बदला. बाहेरून हलवले की कॅटलॉगला फोटो सापडत नाहीत.

लॅबला फाइल देण्यापूर्वी मॉनिटर कॅलिब्रेट करून घ्या: ६५०० केल्विन, गॅमा २.२ आणि प्रकाशमान ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर. मॉनिटर पूर्ण उजेडावर ठेवून केलेले फोटो छापून हमखास काळपट येतात, आणि दोष लॅबच्या माथी मारला जातो. लॅबला कोणता रंग-अवकाश चालतो ते विचारा. बहुतेक ठिकाणी एसआरजीबी लागतो. चाचणी-संचातल्या गुलालाच्या आणि पैठणीच्या फोटोंची छोटी प्रिंट काढून मॉनिटरशेजारी धरून पाहा.

नवी आवृत्ती आली म्हणून लगेच बसवू नका. लग्नसराईच्या मध्यावर किंवा हातातले काम अर्धवट असताना तर नाहीच. काम संपल्यावर कॅटलॉगची प्रत वेगळी ठेवा, मग नवी आवृत्ती बसवा, आणि तिच्यात जुन्या पाच-सहा फोटोंचे रूप बदललेले नाही ना, ते चाचणी-संचातल्या जुन्या जेपेगशी ताडून पाहा.